मोठ्या बाईंचा डोल

नृत्यशाळेत त्यांना सगळे टिपणबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरी घेणारा कारकूनही ते वाचताना अडखळायचा आणि शेवटी ‘टिपणबाई आल्या’ म्हणून मोकळा व्हायचा. वय चौऱ्याहत्तर. त्यातली चोपन्न वर्षं त्यांनी एकाच खुर्चीत काढली होती. प्रेक्षागृहातली तिसरी रांग, कडेची जागा, मांडीवर फळी आणि फळीवर कागद. समोर लोक नाचायचे आणि बाई ते लिहून काढायच्या.

नाच लिहिणं म्हणजे काय, हे नातेवाइकांना समजावून सांगणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. “नकाशा काढते,” एवढंच सांगायच्या. त्यात खोटंही काही नव्हतं. आधी त्या जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे गिरवायच्या. हात असा स्थिर, की तिथला साहेब म्हणायचा, हिच्या रेघेला पट्टी लावून बघा, पट्टीच वाकडी निघेल. नाचाच्या कागदावर तीन उभ्या रेघा असत. मधली म्हणजे कणा, डावं अंग डावीकडे, उजवं उजवीकडे, आणि वाचायचं खालून वर. खूण लांब काढली की हालचाल सावकाश, आखूड काढली की झटक्यात. हे एकदा जमलं, की मेलेल्या माणसाचा नाच जिवंत माणसाला शिकवता येतो. टिपणबाईंना याचा अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

त्यांना कामावर ठेवलं ते मोठ्या बाईंनी. शाळा त्यांचीच. मोठ्या बाईंची गुरू रेशमाचे तागेच्या तागे अंगाभोवती फिरवून रंगीत दिव्यांत नाचायची. माणूस दिसायचाच नाही, कापडच काय ते नाचायचं. मोठ्या बाईंना त्या कापडाचा वीट आला. मग बुटांचाही आला. गावातल्या सगळ्या नर्तकी चवड्यांवर उभ्या राहून आपल्याला वजनच नाही असं दाखवत होत्या, तेव्हा या अनवाणी मंचावर आल्या आणि धपकन बसल्या. अंगाला वजन आहे तर ते दाखवा, लाजता कसल्या, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या प्रयोगाला अर्धे लोक हसायला आले होते आणि उरलेले मध्यंतरात उठून गेले.

पुढे त्यांचा सगळ्यांत लाडका विद्यार्थीच त्यांच्यावर उलटला. “बाई, तुमच्या नाचात रडणं फार,” म्हणाला, आणि पत्र्याच्या डब्यातून चिठ्ठ्या काढून कुठली हालचाल कधी करायची ते ठरवायला लागला. त्याचं नावच चिठ्ठीवाला पडलं. मोठ्या बाईंनी अकरा वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाही. पण त्याचा प्रयोग असला की टिपणबाईंना हळूच सांगायच्या, “जा, त्या गाढवाचंही लिहून आण. नाहीतर लोक विसरतील.”

अशा त्या बाई. त्यांनी टिपणबाईंना पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला. “जे दिसतं ते लिहायचं. मला काय हवं होतं, ते लिहायचं नाही. माझ्या मनातलं तुला काय माहीत?” दुसरी एक पद्धत होती. नाच बसवला जात असताना टिपणबाईंना तालमीच्या दालनात यायला बंदी होती. शिजत असताना झाकण उघडायचं नाही, म्हणायच्या. लिहायचं ते मंचावरून, प्रेक्षकांसमोर झालेलं. आणि मोठ्या बाई स्वतः दुसऱ्या प्रयोगानंतर आपला नाच कधीच बघत नसत. झालं, आता तो माझा नाही, म्हणून पुढच्याला लागायच्या. टिपणबाईंच्या वह्यांनाही त्यांनी हात लावला नाही. “तुझ्या मुंग्या मला वाचता येत नाहीत,” असं म्हणून हसायच्या.

या चार गोष्टींनीच पुढे घात केला.

‘ओझं’ हा मोठ्या बाईंचा शेवटचा नाच. तेरा बायका. बारा जणी एकेक करून तेरावीच्या अंगावर आपला भार टाकतात. ती वाकते, गुडघ्यांवर येते, जमिनीला लागते. मग हळूहळू उठते, बाकावर चढते आणि खाली उडी घेते. उतरते ती एकट्या उजव्या पायावर. गुडघा आत वळतो, कंबर बाहेर जाते, सगळं अंग एका बाजूला कलंडत अर्धं वर्तुळ काढतं आणि दिवे जातात. यालाच मोठ्या बाईंचा डोल म्हणत. त्याच्यावर लेख आले, व्याख्यानं झाली. कुणी म्हणालं, यात साऱ्या पराभूत माणसांचं दुःख आहे. तो शिकायला लांबलांबून मुली यायच्या.

डोल सोपा नव्हता. पन्नास वर्षांत चार जणींनी तो केला. पहिली बगळी. मानेने आणि पायांनी लांब म्हणून बगळी. तिने एक हंगाम केला आणि लग्न करून निघून गेली. त्याच वर्षी मोठ्या बाईही गेल्या. त्यानंतरच्या तिघींनी तो टिपणबाईंच्या वहीतून उचलला, आणि तिघींचेही उजवे गुडघे गेले. एकीचा अकराव्या प्रयोगाला, एकीचा सातव्याला, एकीचा तर तालमीतच. ‘ही भूमिका गुडघा मागते,’ असं शाळेत म्हणायची पद्धत पडली होती, आणि तेही मोठ्या तोऱ्यात. वार्षिक प्रयोगाला पहिल्या रांगेत वाटेच्या कडेच्या तीन खुर्च्या या तिघींसाठी ठेवत, कारण त्यांना उजवा पाय वाकवून बसता येत नसे. मध्यंतरात लोक त्या तीन ताठ पायांना वळसा घालून आदराने जायचे. त्या तिघींतलीच एक धाकट्या बाई, आता शाळेच्या प्रमुख.

आणि गेल्या हिवाळ्यात पाचवी निवडली गेली. टिपणबाईंची नात, लेकीची लेक. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून तिला खारू म्हणत. लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. पोरीला आजीकडे ठेवताना एवढंच म्हणाली होती, “आई, पाय सांभाळ हिचे.”

दोघी एका कुलुपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्यांत राहायच्या. लाकडी जिना. खारू तो दोन-दोन पायऱ्या गाळत चढायची आणि खालचा कुलूपवाला रोज ओरडायचा. डोलाच्या तालमी सुरू झाल्यावर सहाव्या महिन्यात टिपणबाईंच्या लक्षात आलं, की कुलूपवाला ओरडायचा थांबलाय. त्यांनी कान दिला. खारू एकेक पायरी चढत होती. डावा पाय वर, मग उजवा त्याच्या शेजारी. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. टिपणबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

“दुखतं का गं?”

“थोडंसं. सगळ्यांनाच दुखतं, आजी. बर्फ लावला की जातं.”

धाकट्या बाईही असंच म्हणायच्या, बाविसाव्या वर्षी.

‘ओझं’ला पन्नास वर्षं होत होती म्हणून मोठा प्रयोग ठरला होता. कुणीतरी बगळीचा पत्ता शोधून काढला. ती याच गावात, म्हाताऱ्या माणसांच्या निवासात राहत होती. आमंत्रण द्यायला टिपणबाई गेल्या आणि जाताना वही घेऊन गेल्या. उतरताना हातांची बोटं उघडी होती की मिटलेली, याबद्दल त्यांना जुनी शंका होती. मूळ माणूस जिवंत आहे तर विचारून घ्यावं, एवढाच हेतू.

बगळीची मान अजून तशीच लांब होती. चहा झाला. टिपणबाईंनी वही उघडली आणि एकेक खूण वाचत, टेबलावर दोन बोटं चालवत डोल करून दाखवला. बगळी बघत राहिली. मग हसायला लागली.

“हे काय लिहून ठेवलंयस?”

“तुझा डोल.”

“कसला डोल, बाई? अगं, दुसऱ्या प्रयोगानंतर मी मागच्या जिन्यावरून घसरले होते. डावा पाय टेकवता येत नव्हता. मोठ्या बाईंना सांगायची छाती कुणाची? झग्याखाली पट्टी बांधली आणि नाचले. शेवटची उडी मी उजव्यावरच झेलायची नि डावा वाचवायला अंग फेकून द्यायची. दिवे जाईपर्यंत कळ डोक्यात जायची.”

टिपणबाईंनी वही मिटली नाही. बोट त्या खुणेवर तसंच होतं. “मग आधी काय होतं?” त्यांनी विचारलं.

“आधी? दोन्ही पायांवर उतरायचं आणि उभं राहायचं. बस. मोठ्या बाई म्हणायच्या, एवढं ओझं उचललंय तिने, आता तिला नुसतं उभं राहू दे.”

टिपणबाईंनी पानावरची तारीख पाहिली. तेरा बायका एका नजरेत लिहून होत नाहीत. म्हणून पहिल्या प्रयोगाला त्यांनी उजवीकडच्या सहा जणी लिहिल्या होत्या, दुसऱ्याला डावीकडच्या सहा. बगळीला ठेवलं होतं तिसऱ्यासाठी. जे दिसलं ते लिहिलं होतं. डोळ्यांत तेल घालून, एकही खूण न चुकवता, त्यांनी एका बाईची कळ लिहून ठेवली होती.

निघताना बगळीने विचारलं, “मग आता कोण करतंय ते?”

“माझी नात,” टिपणबाई म्हणाल्या.

बगळी हसायची थांबली.

प्रयोगाला नऊ दिवस उरले होते. टिपणबाई तडक शाळेत गेल्या. धाकट्या बाई दिवाणखान्यात काचेच्या कपाटापाशी उभ्या होत्या. पन्नाशीनिमित्त तिथे मोठ्या बाईंच्या वस्तू मांडायच्या होत्या, आणि मधल्या खणात डोलाच्या पानाची मोठी प्रत आधीच लावलेली होती. टिपणबाईंनी सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही, चूक माझी आहे हेही सांगितलं. धाकट्या बाईंनी शांतपणे ऐकलं. पाय दुखत होता म्हणून कपाटाला टेकल्या.

“मावशी, बगळी आता किती वर्षांची?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“आणि पन्नास वर्षांपूर्वी आपण कुठल्या पायावर उतरलो, हे तिला आठवतं.” त्यांनी काचेवर बोट ठेवलं. “हे पान बघा. तिसरा, चौथा, पाचवा प्रयोग, तिन्ही वेळा तपासलेलं. खाली तुमची सही आहे. मी तिच्या आठवणीवर विश्वास ठेवू की तुमच्या हातावर?”

“अगं, मीच सांगतेय ना, ते चुकलंय.”

“तुम्ही आयुष्यात एक खूण चुकवली नाहीत. तुम्हीच म्हणता.” धाकट्या बाईंनी काचेवरचं बोट काढलं. मग अगदी हळू म्हणाल्या, “आणि चुकलं असेल, तर मी काय केलं, मावशी? माझा गुडघा मी कशाला दिला? दुसरीच्या सुजलेल्या पायाला?”

 टिपणबाईंना त्या बाईची दया आली, आणि भीतीही वाटली. तिच्याच्याने हे कबूल होणार नाही, हे त्यांना तिथेच उमगलं. निघताना धाकट्या बाई मागून म्हणाल्या, “पोरीच्या डोक्यात भरवू नका काही. आठ महिने झालेत. आता बदललं तर पाय गोंधळतो.”

हे मात्र त्या खरं बोलल्या होत्या. टिपणबाईंनी ते ऐकलं आणि सोडून दिलं, आणि पुढे याच गोष्टीसाठी त्यांनी स्वतःला क्षमा केली नाही.

आठवडाभर त्या तळ्यात-मळ्यात करत राहिल्या. सांगावं तर पन्नास वर्षांचं काम मातीत जातं. शिकवलेली प्रत्येक मुलगी, छापलेला प्रत्येक लेख खोटा ठरतो. न सांगावं तर पोरीचा गुडघा जातो. एकदा ठरवायच्या, एकदा मोडायच्या. प्रयोगाच्या आदल्या दुपारी खारू खुर्चीचा हात धरून उठली आणि उठताना ओठ चावला. तेव्हा त्यांनी सांगून टाकलं.

खारूने सगळं ऐकून घेतलं. मग तिने चौरंगासारखं ठेंगणं स्टूल खोलीच्या मधोमध ओढलं, त्यावर चढली आणि उडी घेतली. दोन्ही पायांवर उतरली. उभी राहिली. हात बाजूला, मान सरळ. काहीच केलं नाही, नुसती उभी राहिली. खालून कुलूपवाल्याने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. टिपणबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मोठ्या बाईंना काय हवं होतं, ते त्यांना पन्नास वर्षांत पहिल्यांदा दिसलं होतं.

“असंच करते उद्या,” खारू म्हणाली.

“धाकट्या बाई समोर असतील.”

“असू देत. एकदा झाल्यावर काय करतील?”

टिपणबाईंनी तिला तिथेच थांबवायला हवं होतं. आजारी पड, घरी बस, नाचूच नकोस, असं म्हणायला हवं होतं. पण ते उभं राहणं त्यांना मंचावर बघायचं होतं. ते लिहायचं होतं. कोरं पान, नवी खूण, चूक दुरुस्त. म्हातारपणीही माणसाचा हावरटपणा सुटत नाही, तो असा.

दुपारचा प्रयोग. प्रेक्षागृह भरलेलं. पहिल्या रांगेत कडेला तीन खुर्च्या, तीन ताठ पाय. बगळी आली नव्हती. टिपणबाई तिसऱ्या रांगेत, फळी मांडीवर, पेन हातात. बारा जणी त्यांनी आज सोडून दिल्या. त्यांना एकच लिहायची होती.

भार पडत गेला. खारू वाकली, टेकली, उठली. बाकावर चढताना तिने उजवा पाय आधी टाकला, आणि टिपणबाईंना तिचा श्वास अडकलेला दिसला. मग उडी.

दोन्ही पाय एकदम खाली आले. तिला सरळच उतरायचं होतं, याबद्दल टिपणबाईंना कधीच शंका वाटली नाही. पण त्या उजव्या गुडघ्याला आठ महिने रोज आत वळायला शिकवलेलं होतं, आणि तो वळला. पाऊल जमिनीला घट्ट, गुडघा आत, अंग सरळ उभं राहायला निघालेलं. तिसऱ्या रांगेपर्यंत आवाज आला. वाळकी फांदी मोडावी तसा. खारू उभी होती तिथेच गुडघ्यातून फिरली, खाली गेली, एक हात वर राहिला, आणि दिवेवाल्याने ठरल्याप्रमाणे दिवे घालवले.

 अंधारातच टाळ्या सुरू झाल्या. असा कडकडाट त्या प्रेक्षागृहात कधी झाला नव्हता. दिवे आले, तेव्हा खारू तिथेच पडलेली होती, आणि लोकांना वाटलं हाही त्यातलाच भाग. ते उठून उभे राहिले.

टिपणबाई उठल्या तेव्हा फळी घसरली. कागद खाली पडताना त्यांना दिसलं, की तो कोरा नव्हता. हाताने आपलं काम केलं होतं. उडी, दोन पाय, उजव्या गुडघ्याची खूण, फिरणं, पडणं, वर राहिलेला हात. सगळं जागच्या जागी, रेघ जराही न हलता. तो कागद त्यांनी चुरगळून पिशवीत कोंबला आणि मंचाकडे धावल्या.

संध्याकाळी इस्पितळाच्या वऱ्हांड्यात त्या बाकावर बसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, शस्त्रक्रिया करू, चालायला लागेल. नाचाचं विचारल्यावर त्यांनी हातातल्या कागदाकडे बघितलं. लेक गाडीत होती, रात्रीपर्यंत पोहोचणार होती. तिला काय सांगायचं, हे टिपणबाईंना सुचत नव्हतं.

धाकट्या बाई आल्या. शेजारी बसल्या, उजवा पाय समोर लांब केला. डोळे रडून सुजलेले होते आणि ते रडणं खरं होतं. त्यांनी टिपणबाईंचा हात हातात घेतला. 

“लोक उभे राहिले, मावशी,” त्या म्हणाल्या. “माझ्या वेळेला नाही राहिले. कुणाच्याच नाही. बाहेर सगळे विचारतायत, हा शेवट कुणी बसवला.” आणि मग, “तुम्ही लिहिलं असेल. ते पान द्या मला.”

टिपणबाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. “नाही लिहिलं.”

“तुम्ही?”

“डोळे मिटले होते मी.” हे त्यांचं आयुष्यातलं पहिलं खोटं. बोलताना आवाज हलला नाही.

धाकट्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि मान हलवली. रागावल्या नाहीत. “असू दे,” म्हणाल्या. “माझ्या लक्षात आहे.”

त्यांनी चपला काढल्या. बाकाची पाठ धरून उठल्या आणि वऱ्हांड्याच्या थंड फरशीवर उभ्या राहिल्या, एकोणसत्तर वर्षांच्या, एका ताठ पायाच्या. दोन्ही पावलं टेकवली, उजवा गुडघा जमेल तितका आत घेतला, अंग फिरवलं, एका हाताने बाक धरून धपकन खाली गेल्या आणि दुसरा हात वर ठेवला.

“असंच ना?” त्यांनी खालून विचारलं.

टिपणबाईंना नजर काढून घेता आली नाही. एकही खूण चुकलेली नव्हती.

आतून खारूने हाक मारली. “आजी, कोण पडलं?”